गोदावरीला हजर करा

अनंतराव शिंत्र्यांकडे कुणीही कर मागितला नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढची हकिगत ऐकली की लोक सरकारला बोल लावतात, आणि या प्रकरणात सरकार, म्हणजे दोन्ही सरकारं, अगदी निरपराध होती.

अनंतराव बेळगाव, कारवार, नाशिक अशा गावांच्या महसुली कचेऱ्यांत उभी हयात काढून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले आणि सांगलीला येऊन राहिले. कृष्णेचं पाणी चांगलं, गणपतीचं देऊळ जवळ आणि वांगी स्वस्त, एवढा विचार त्यामागे होता. सांगली तेव्हा संस्थान होतं. पेन्शन इंग्रज सरकारची आणि बिऱ्हाड संस्थानात, असे पेन्शनर गावात गल्लोगल्ली होते. सकाळी नदीवर फिरून यायचे, दुपारी झोपायचे, आणि आपण कुठल्या राज्यात झोपलो आहोत याची चौकशी करायचे नाहीत. अनंतरावांनी केली.

पंचेचाळीस सालचा उन्हाळा होता. युद्ध संपत आलं होतं, साखर रेशनवर होती. एके सकाळी वर्तमानपत्र खाली ठेवून ते म्हणाले, "अगं, आपण परदेशात राहतो."

चारुलताबाई मेथी निवडत होत्या. "परदेशातसुद्धा अशीच किडकी मेथी मिळते होय?" त्या म्हणाल्या.

"थट्टा नव्हे. ज्यांचं उत्पन्न एका राज्यात आणि वास्तव्य दुसऱ्या राज्यात, त्यांनी दोन्हीकडे उत्पन्नाचे तक्ते भरावेत, असं छापून आलंय."

ते छापून आलं होतं माधवनगरच्या बाजूच्या गिरणीवाल्यांसाठी. त्यांचं सूत एका हद्दीत निघायचं आणि कापड दुसऱ्या हद्दीत विकलं जायचं. पण अनंतरावांनी ती बातमी मनाला लावून घेतली. जन्मभर त्यांनी लोकांकडून सारा वसूल केला होता, नोटिसा काढल्या होत्या, जप्त्या केल्या होत्या. आणि त्यांच्याकडून काही वसूल करावं असं मात्र कुणाला कधी वाटलं नव्हतं. ही गोष्ट त्यांना आतून खात होती. कर भरणारा गृहस्थ म्हणजे वजनदार गृहस्थ. दोन सरकारांना कर भरणारा म्हणजे तर विचारायलाच नको.

त्यांनी कोट चढवला आणि दोन्ही सरकारांचे फॉर्म मिळवले.

आता इथे चारुलताबाईंच्या घराबद्दल सांगायला हवं. साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एका बोळात, दोन खोल्या आणि एक ओसरी एवढं कौलारू घर होतं. ते त्यांच्या वडिलांनी, हरिभाऊ देवस्थळींनी, एकुलत्या एका मुलीच्या नावे करून ठेवलं होतं. हरिभाऊ शेवटची दोन वर्षं लेकीकडे कारवारला राहिले आणि तिथेच गेले. साताऱ्याहून निघताना घर एका हवालदाराला भाड्यानं देऊन आले होते. भाडं काही फार नव्हतं. पण चारुलताबाईंचा सगळा संसार सरकारी क्वार्टरांत आणि दुसऱ्यांच्या माडीवर झाला होता. दर बदलीला खिळे काढायचे, तसबिरी उतरवायच्या, लोणच्याच्या बरण्या गवतात गुंडाळायच्या. अशा वेळी त्या मनाशी म्हणायच्या, असू दे, साताऱ्याला माझं घर आहे. त्या घराच्या जोरावर त्यांनी किती बदल्या सोसल्या ते अनंतरावांना ठाऊक नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी त्याचाही तक्ता केला असता.

फक्त एक होतं. ते घर चारुलता शिंत्रे या बाईचं नव्हतं. ते गोदावरीचं होतं.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवरामुलगा ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितो. अनंतराव त्या वेळी नुकतेच पुण्याला कॉलेजात एक वर्ष काढून नापास होऊन परतले होते, आणि त्या वर्षाची एकूण कमाई म्हणजे 'चारुलता' हे नाव. ते ताटात मावेना. 'ता' काठावर काढावा लागला. हरिभाऊंनी ते वाचलं आणि म्हणाले, "नाव चांगलं आहे, पण आमच्या घरी कुणाच्या तोंडात बसायचं नाही." त्यांच्या तोंडात ते मरेपर्यंत बसलं नाही, आणि मृत्युपत्रातही बसलं नाही. 'माझी मुलगी गोदावरी हीस,' असं त्यांनी ठणकावून लिहिलं होतं.

अनंतरावांनी तक्ते भरले. संस्थानच्या फॉर्मात कुटुंबातली माणसं विचारली होती. तिथे लिहिलं: पत्नी, चारुलता. इंग्रजी फॉर्मात घराच्या मालकाचं नाव आणि नातं विचारलं होतं. तिथे कागदपत्रांप्रमाणे लिहिलं: गोदावरी हरी देवस्थळी, पत्नी. दोन्ही मजकूर शंभर टक्के खरे होते. इथवरही काही बिघडलं नव्हतं. पण कुठल्याही सरकारला आपण काही लपवलं असं वाटू नये म्हणून त्यांनी एका तक्त्याची खरी नक्कल दुसऱ्या तक्त्याला जोडली आणि दुसऱ्याची पहिल्याला. असली गोष्ट सुचायला जन्मभर शिरस्तेदारी करावी लागते.

महिन्याभरात दोन्हीकडून पत्रं आली.

संस्थानच्या कचेरीनं अदबीनं विचारलं होतं, की शिंत्रेसाहेबांनी आपल्या गोदावरी नामक दुसऱ्या पत्नीचं नाव कुटुंबात दाखवलेलं नाही, याचं कारण कळावं.

इंग्रजी पत्र कमी अदबशीर होतं. गोदावरी ही पत्नी कुठे राहते? हयात नसल्यास मृत्यूचा दाखला जोडा. हयात असल्यास साहेबांचा कॅम्प साताऱ्याला पडेल तेव्हा तिला जातीनं हजर करा. हजर न झाल्यास ती हयात नाही असं समजून घराला वारस कोण याच्या चौकशीसाठी कागद मामलेदारांकडे पाठवले जातील.

'चौकशी' हा शब्द वाचून अनंतरावांचा चेहरा उतरला. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा चौकशी लागली की घर कुणाचंच राहत नाही, ते चौकशीचं होतं, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी कित्येक वेळा घडवून आणलं होतं.

"म्हणजे माझं घर जाणार?" चारुलताबाईंनी विचारलं.

"तुझं नाही. गोदावरीचं."

"मग मी कोण?"

"तेच तर सिद्ध करायचंय," अनंतराव म्हणाले, आणि तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही म्हणून खिडकीबाहेर बघत बसले.

बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. पलीकडच्या बिऱ्हाडातल्या विनोदिनीबाई वाटीभर पन्हं झाकून घेऊन आल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. मग चारुलताबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "एक विचारू? तुम्ही पहिल्या की दुसऱ्या?"

"मी एकटीच आहे हो."

"असंच म्हणावं लागतं," विनोदिनीबाई म्हणाल्या आणि डोळे पुसले. "शिंत्रेसाहेब दिसायला किती साधे! तरी मी म्हणायची, रोज नदीवर एवढा वेळ काय करतात."

त्यांचे यजमान तात्या वकिलाकडे कारकून होते. निवृत्त झाल्यापासून ते वकिलापेक्षा मोठे झाले होते. ते आले, खुर्चीत मांडी घालून बसले, दोन्ही पत्रं उलटसुलट वाचली आणि म्हणाले, "अनंतराव, एवढा घोळ कशाला? संस्थानात लिहून द्या, हो, आहेत दोन बायका. गुन्हा थोडाच आहे? वर रेशनकार्डावर साखर वाढेल."

"खोटं कसं लिहू?"

"बरं, मग दुसरा उपाय. गोदावरीबाईंना मयत दाखवा. घर नवऱ्याकडे येईल. नवऱ्यानं ते चारुलतावहिनींना बक्षीस द्यायचं. काम फत्ते."

अनंतराव विचारात पडले. "पण मृत्यूचा दाखला?"

"तो मी आणतो."

स्वयंपाकघरातून चारुलताबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या. "माझ्या घरात बसून, मी केलेला चहा पीत, मला मारताय?"

"तुला नाही गं," अनंतराव घाईघाईनं म्हणाले. "गोदावरीला."

तात्यांनी चहा संपवला. जाताजाता दारात थांबून म्हणाले, "एक राहिलंच. साताऱ्याकडे हल्ली पत्री सरकारही आहे म्हणतात. तुम्ही दोन सरकारांचे तक्ते भरलेत, तिसऱ्याचा भरला का?"

अनंतरावांनी चष्मा काढला. "खरंच की. त्यांची कचेरी कुठे असते?"

"कचेरी सापडली असती तर पोलीसच आधी रांगेत उभे राहिले असते!" तात्या म्हणाले. अनंतरावांनी त्यानंतर दोन दिवस तात्यांशी बोलणं टाकलं होतं, पण ते तात्यांच्या लक्षात आलं नाही.

मग प्रतिज्ञापत्राची मोहीम निघाली. चारुलता आणि गोदावरी एकच, असं शपथेवर लिहून दिलं की झालं, असं अनंतरावांचं मत. सांगलीत संस्थानचा स्टॅम्प मिळायचा. तो साताऱ्याला चालत नव्हता. इंग्रजी स्टॅम्प सांगलीत मिळत नव्हता. जवळची इंग्रजी हद्द म्हणजे तासगाव. पेट्रोल नसल्यामुळे त्या दिवसांत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे शेगडीसारखी टाकी बसवलेली असायची, आणि चढ आला की उतारूंनी उतरायचं असा अलिखित करार असायचा. अनंतराव चारुलताबाईंना घेऊन निघाले आणि मागच्या बाकावर टाकीला पाठ लावून बसले. तासगावला उतरले तेव्हा त्यांच्या कोटाला पाठीमागे बशीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पांढरा सदरा दिसत होता. तशा पाठीनं ते स्टॅम्प घ्यायला गेले. स्टॅम्प मिळाला. लिहिणारा मिळाला. सही करून घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "या बाई गोदावरी आहेत, हे ओळखणारे इंग्रजी हद्दीतले दोन प्रतिष्ठित इसम?"

तासगावात चारुलताबाईंना कुणी चारुलता म्हणूनही ओळखत नव्हतं.

परतीच्या चढावर मोटार ढकलताना चारुलताबाई म्हणाल्या, "साताऱ्याला ओळखतील मला. माझं माहेर आहे ते." त्या पहिल्या बाळंतपणाला तिथे गेल्या होत्या, त्याला पस्तीसएक वर्षं झाली होती. मग आई गेली आणि जाणं संपलं. पण माहेर माणसाला विसरत नाही असं त्यांना वाटत होतं.

अनंतरावांनी भाडेकरू हंबीरराव यांना पत्र टाकलं. 'माझी पत्नी चारुलता हीच घराची मालकीण असून तिला ओळखणारी माणसं बोळात असल्यास कळवावं.' हंबीरराव पलटणीतून हवालदार होऊन परतलेले होते. त्यांचं उत्तर कुणाकडून तरी लिहवून आलं:

'शिंत्रे यांस रामराम. गोदाताईंचे वडील जाताना मला म्हणाले, माझी लेक येईपर्यंत घर सांभाळ. ते मी सांभाळत आहे. सवतीचा हुकूम या घरावर चालणार नाही. यापुढे भाडे गोदाताई स्वतः येतील तेव्हा त्यांच्या हाती देण्यात येईल. त्यांना तुम्ही कुठे ठेवले आहे ते कळवावे.'

अनंतरावांनी पत्र चारुलताबाईंच्या हातात दिलं. "कुठे ठेवलं आहे म्हणजे? मी काय बाई लपवून ठेवणारा माणूस आहे?"

चारुलताबाईंनी पत्र परत परत वाचलं. राग यायला हवा होता, आणि आलाही. पण कुठल्या तरी न पाहिलेल्या माणसानं आपली बाजू आपल्याच विरुद्ध इतकी नेटानं लढवावी, याचं त्यांना आतून बरं वाटलं. त्या रात्री अनंतरावांच्या भाजीत मीठ कमी पडलं. चारुलताबाईंना ते कळलं होतं, पण त्यांनी सांगितलंही नाही आणि घातलंही नाही.

कॅम्पच्या आदल्या दिवशी ते निघाले. सांगलीहून मिरज, मिरजेहून सातारा रोड स्टेशन, तिथून मोटारीनं सातारा. गाडीत अनंतराव त्यांची तयारी करून घेत होते.

"साहेबांनी नाव विचारलं तर काय सांगशील?"

"कुठलं हवंय ते आधी विचारीन."

"असं उद्धट बोलायचं नाही. आणि नवऱ्याचं नाव विचारलं तर?"

चारुलताबाईंनी आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, नाव घ्यायच्या प्रसंगीसुद्धा त्या लाजून पळून जायच्या. "तुम्ही समोरच असाल की," त्या म्हणाल्या. "हनुवटीनं दाखवीन."

कॅम्प एका जुन्या बंगल्यात होता. साहेब तरुण होते, धारवाडकडचे. त्यांनी पुढ्यातला कागद उचलला.

"गोदावरी हरी देवस्थळी हजर आहेत काय?"

"आहे," चारुलताबाई उठून म्हणाल्या.

"चारुलता अनंत शिंत्रे हजर आहेत काय?"

"आहे."

साहेबांनी मान वर केली. मग दाराकडे पाहिलं. "दुसऱ्या बाई बाहेर थांबल्यात काय? त्यांनाही आत बोलवून घ्या."

"दुसरी नाही. मीच दोघी आहे."

"असं कागदावर दिसत नाही, बाई. बसून घ्या." ते अनंतरावांकडे वळले. "शिंत्रे, तुम्ही शपथेवर सांगा. ही बाई गोदावरी आहे हे तुम्हाला माहीत आहे?"

'हो' एवढं एक अक्षर पुरलं असतं. बंगल्यातल्या पंख्याची दोरी ओढणाऱ्यालासुद्धा ते कळलं असतं. पण 'शपथेवर' हा शब्द ऐकला की अनंतरावांच्या अंगात शिरस्तेदार यायचा. त्यांनी घसा साफ केला.

"साहेब, शपथेवर बोलायचं तर गोदावरी नावाच्या मुलीला मी कधी पाहिलेलं नाही. अंतरपाट दूर झाला तेव्हा मुलीची मान खाली होती, आणि मुंडावळ्यांमुळे चेहरा दिसत नव्हता. त्यानंतर लगेच मी ताटात नाव लिहिलं. चेहरा पाहिला तो चारुलताचा. त्याआधी ती गोदावरी होती हे मला सासऱ्यांकडून कळलं. ती ऐकीव माहिती झाली. ऐकीव माहिती पुराव्यात धरत नाहीत."

"धरत नाहीत," साहेब खिन्नपणे म्हणाले.

चारुलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. दोन बायका असत्या तर खरंच बरं झालं असतं, असं त्यांना त्या घटकेला वाटलं. एकीनं यांचं तोंड धरलं असतं आणि दुसरी साहेबांशी बोलली असती.

"मग मला हे कागद मामलेदारांकडे पाठवावे लागतील," साहेब म्हणाले आणि त्यांनी टाक शाईत बुडवला.

तेवढ्यात दारात बुटांचा आवाज झाला. खाकी कोट, पिळदार मिशा, छातीवर दोन बिल्ले. आत येऊन त्या माणसानं साहेबांना कडक सलाम ठोकला.

"हवालदार हंबीरराव, हुजूर! गोदाताईच्या घरात ऱ्हातो. ह्या सायबांनी कुनाला तरी गोदाताई म्हनून उभं केलंय, असं कॅम्पच्या शिपायाकडनं कळलं. खऱ्या गोदाताईला वळखनारं मानूस मी संगं आनलंय. आवं, या आत!"

मागून एक वाकलेली म्हातारी आली. हातात काठी, लुगड्याचा पदर डोक्यावर, तोंडात दात नावाला. बोळात समोरच्या घरी राहणारी रंगूबाई. चारुलताबाईंच्या बरोबरीची, परकरात असल्यापासूनची मैत्रीण. चारुलताबाईंचा जीव भांड्यात पडला. माहेर माणसाला विसरत नाही, ते उगीच नाही.

रंगूबाईनं जवळ येऊन त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग एक फेरी मारून मागूनही पाहिलं.

"ही न्हवं," ती म्हणाली.

"न्हाईच!" हंबीररावांनी मिशीला पीळ दिला.

"आमची गोदी म्हंजी वाळली काडी. वारं सुटलं की तिची आई तिला घरात घ्यायची, उडून जाईल म्हनून. ही बाई..." रंगूबाईनं दोन्ही हात लांब पसरून दाखवले. "हिला उडवाय वादळ लागंल, सायेब."

पंखा थांबला. दोरीवाला हसत होता.

चारुलताबाई उठल्या. आतापर्यंत त्या सांगलीच्या शिंत्रेवहिनी होत्या. सभ्य, हळू बोलणाऱ्या. आता त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो अनंतरावांनी आजवर कधी ऐकला नव्हता.

"रंगे! आणि तू काय गं, तशीच राहिलीस? दात कुठं ठेवून आलीस?"

"माजं दात माज्या घरी. तुला काय करायचंय?"

"आणि तू साक्ष देणार? हादग्याच्या डब्याचं झाकण उचलून खिरापत ओळखणारी तू? तू साक्ष देणार?"

रंगूबाईची काठी जमिनीवर टेकता टेकता थांबली.

हादग्याच्या खिरापतीचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुली फेर धरून गाणी म्हणतात, आणि शेवटी ज्या घरी हादगा असेल तिथली आई झाकलेला डबा आणते. आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. ओळखता आलं नाही तर त्या आईचा मान. गोदावरीच्या आईनं एकदा अशी खिरापत केली होती की सातारा शहरात कुणाला ओळखता आली नसती, आणि रंगीनं ती पहिल्या फटक्यात ओळखली होती.

"कोन झाकान उचललं?" रंगूबाई गरजली. "म्या न्हाई उचललं! गोदीनंच माज्या कानात सांगितलं, कोहाळ्याच्या वड्या हायती म्हनून. आन तिच्या आईनं इचारलं तवा साळसूदावानी म्हनली, रंगीनं चोरून बघितलं!"

"मग तुझ्या बोटाला पाक कुठून लागला होता?"

"त्यो तूच लावलास! हात धरून लावलास!"

"मी? मी लावला?"

"तूच! आन माज्या आईनं मला साऱ्या पोरींम्होरं धपाटं घातलं. अजून पाठ दुकती."

"म्हणून तर माझ्या आईनं तुला वाडगाभर वड्या पाठवल्या!"

"वाडगाभर म्हनं! तीन! तीन वड्या दिल्या, आन त्यातली येक फुटकी!"

कारकून भराभरा लिहून घेत होता. त्यानं हळूच विचारलं, "साहेब, वड्या तीन लिहू की वाडगाभर?"

"वादग्रस्त लिहा," साहेब म्हणाले. त्यांनी टेबलावर हात आपटला. "शांत! रंगूबाई, तुम्ही सांगा. ही बाई गोदावरी आहे काय?"

"मग दुसरी कोन?" रंगूबाई भडकून म्हणाली. "असली खोटारडी साऱ्या साताऱ्यात येकच हुती!"

कारकुनानं तेही लिहून घेतलं. मग आपण काय बोललो ते रंगूबाईच्या लक्षात आलं. तिनं काठी टाकली, चारुलताबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कानशिलावर बोटं मोडली. "गोदे," ती म्हणाली, "किती गं उशीर केलास."

साहेबांनी कागदावर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "ओळख पटली. गोदावरी आणि चारुलता या दोन नसून एकच. अनोळखी बायका इतकं भांडू शकत नाहीत." शेवटचं वाक्य त्यांनी मागाहून खोडलं, पण ते वाचता येत होतं.

हंबीरराव ताठ झाले. टाचेला टाच लागली. साहेबांनाही केला नव्हता असा सलाम त्यांनी चारुलताबाईंना केला. "ताई, चूक झाली. सजा द्या."

"सजा कसली? तुम्ही होतात म्हणून घर राहिलं," चारुलताबाई म्हणाल्या. मग साहेबांकडे वळून बोलल्या, "त्या कागदाच्या दोन नकला द्या. एक सांगलीच्या कचेरीला लावायचीय, आणि एक मला शेजारणीला दाखवायचीय. आणि घर गोदावरीच्याच नावावर राहू दे."

साहेब नकलांवर सही करता करता थांबले. त्यांनी तक्त्यावरचे आकडे पाहिले. "शिंत्रे, तुम्हाला तक्ता भरा म्हणून नोटीस कुणी पाठवली होती?"

"कुणी नाही. मी आपण होऊन भरला."

"तुमची पेन्शन आणि या बाईंचं भाडं मिळूनही कर लागत नाही."

"लागत नाही?"

"नाही."

"थोडासासुद्धा?"

साहेबांना त्यांची दया आली असावी. त्यांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. "नाही," ते म्हणाले. "माफ करा."

बंगल्यातून सगळे निघाले. पुढे हंबीरराव पलटणीच्या चालीनं, मागे मनगटाला मनगट धरून दोघी मैत्रिणी. वड्या तीनच होत्या की नव्हत्या यावर अजून मिटलं नव्हतं. सगळ्यांच्या मागे, पाठीला भोक पडलेल्या कोटात, अनंतराव. दोन राज्यांपैकी एकानंही त्यांना कर भरायच्या लायकीचं ठरवलं नव्हतं, आणि शपथेवर बोललेलं वाक्य चालताना पायात येत होतं.

बोळात हंबीररावांची बायको राहीबाई भाकरतुकडा घेऊन उभीच होती. तिनं चारुलताबाईंवरून तो ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. चारुलताबाई उंबरा ओलांडून आत गेल्या. जमीन सारवलेली होती. आईची चूल जिथे होती तिथेच होती. हंबीररावांनी एका भिंतीला खिळासुद्धा ठोकला नव्हता. बंडी दोरीवर वाळत होती. चारुलताबाई खोलीच्या मधोमध, जमिनीवर, मांडी घालून बसल्या. कुणाच्या परवानगीनं नाही, की कुणाच्या बदलीच्या हुकमानं नाही. रंगूबाई शेजारी टेकली. राहीबाईनं चहाचं आधण ठेवलं.

अनंतराव पायरीशी आले तेव्हा दारात हंबीरराव उभे होते. ते बाजूला झाले नाहीत.

"सायेब, मालकिनीला इचारून मग."

अनंतरावांनी आयुष्यात किती दारांतून कूळ-मालकांना न विचारता आत पाऊल टाकलं होतं, त्याची मोजदाद नव्हती. पण बायको आत आणि आपण बाहेर, असा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. त्यांनी कोट सारखा केला, टोपी सरळ केली. घसा साफ केला.

"गोदावरीबाई देवस्थळी आहेत का घरात?"

आत कप वाजला. रंगूबाईच्या हसण्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही. इतका वेळ की हंबीररावांनाही अवघडल्यासारखं झालं.

"आहेत," आतून आवाज आला. "आपण कोण?"

या वेळी अनंतरावांना शपथ कुणी घातली नव्हती, तरी उत्तर त्यांनी नीट जुळवून दिलं. "मी शिंत्रे. चारुलताबाईंचा नवरा."

"त्याही आहेत," चारुलताबाई म्हणाल्या. "चपला बाहेर काढा आणि आत या."

अनंतरावांनी चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, आणि वाकून आत गेले.